यादीत नसलेला गोल्फर

[दृश्य: वॉल्टन हीथ, इंग्लंड. जुनी छायाचित्रं.]

सप्टेंबर १९८१. वॉल्टन हीथच्या मैदानावर अमेरिका आणि युरोप यांच्यात रायडर कप सुरू होतोय. अमेरिकेच्या संघात जॅक निक्लॉस आहे, टॉम वॉटसन आहे, ली ट्रेव्हिनो आहे, रे फ्लॉइड आहे. या सगळ्यांना अंगावर घेऊ शकेल असा युरोपकडे एकच माणूस. स्पेनचा सेव्ह बायेस्तेरोस. वय २४. १९७९ची ओपन आणि १९८०ची मास्टर्स या दोन मोठ्या स्पर्धा त्याच्या खात्यात जमा आहेत.

पण तो मैदानावर नाही. दुखापत नाही, फॉर्म गेलेला नाही. त्याला संघात घेतलेलंच नाही.

कारण पैशाचं होतं. स्पर्धेत नुसतं उतरण्यासाठी आयोजक बड्या खेळाडूंना मानधन देत. अमेरिकेहून आलेल्या पाहुण्यांना ते मिळायचं, घरच्या खेळाडूंना मात्र युरोपियन टूरची, म्हणजे युरोपातल्या व्यावसायिक स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेची, मनाई होती. सेव्हचा सवाल सरळ होता: लोक मला बघायला येतात, तर पैसे पाहुण्याला का? टूर ऐकेना. मग त्यानं त्या वर्षी युरोपातल्या बहुतेक स्पर्धांकडे पाठ फिरवली. टूरनं याचा हिशेब रायडर कपच्या यादीत चुकता केला.

त्याच यादीतून आणखी एक नाव गळालं. टोनी जॅकलिन. १९६९ची ओपन आणि १९७०ची यूएस ओपन जिंकलेला इंग्लिश गोल्फर. त्याच्याऐवजी मार्क जेम्सला घेतलं. हा जेम्स म्हणजे १९७९च्या अमेरिका दौऱ्यात वागणुकीपायी दंड झालेला खेळाडू. जॅकलिन भडकला. यापुढे रायडर कपशी आपला संबंध संपला, असं त्यानं ठरवून टाकलं.

युरोप १८.५ विरुद्ध ९.५ असा हरला.

[दृश्य: रायडर कपचा सोनेरी चषक.]

एरवी गोल्फमध्ये निवड समिती नावाची भानगड नसते. जो कमी फटक्यांत खेळेल तो पुढे. कुणाची ओळख, कुणाची मर्जी यानं फटके कमी होत नाहीत. पण दर दोन वर्षांनी तीन दिवस हा एकट्याचा खेळ संघाचा होतो. बारा बारा जण, २८ सामने, आणि बक्षिसाची रक्कम शून्य. काही जण आधीच्या स्पर्धांत कमावलेल्या गुणांवर थेट संघात येतात. उरलेल्यांची नावं कर्णधार लिहितो. आजच्या पद्धतीत सहा गुणांवर आणि सहा कर्णधाराच्या मर्जीवर. गुणपत्रिकेत न मावणारं सगळं, म्हणजे पैसा, दोस्ती, जुनी खुन्नस, निष्ठा, या सहा जागांमधून आत शिरतं.

आणि गंमत अशी, की ज्याला वगळलं त्याच्याच हातात पुढे लेखणी येते. हे एकदा घडलं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं.

१९८३मध्ये टूरचे अधिकारी जॅकलिनकडे गेले. कर्णधार होशील? अपमान विसरलेला नसलेल्या जॅकलिननं अटी घातल्या. संघ काँकॉर्ड विमानानं जाईल. कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणारे मदतनीस, सोबत येतील. कपडे उत्तम दर्जाचे असतील. संघाला बसायला स्वतःची खोली असेल. आजवर ब्रिटिश खेळाडू या स्पर्धेला गरीब पाहुण्यासारखे जायचे, ते जॅकलिनला सलत होतं. अटी मान्य झाल्या. मग त्या वर्षीच्या ओपनच्या वेळी, नाश्त्याच्या टेबलावर, त्यानं सेव्हची समजूत घातली. दोघांचं दुखणं एकच, त्यामुळे बोलणं सोपं गेलं असावं.

फ्लोरिडात युरोप एका गुणानं हरला. १९८५मध्ये बेल्फ्रीला जिंकला, १९५७नंतर पहिल्यांदाच. १९८७मध्ये अमेरिकेत जाऊन जिंकला, हे तर इतिहासात पहिल्यांदा. आधुनिक रायडर कपची चुरस या दोन नाराज माणसांनी उभी केली, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती नाही.

[दृश्य: व्हालदेरामा, स्पेन. हिरवळीवर कॉर्कची झाडं.]

आता १९९७. रायडर कप प्रथमच युरोपच्या मुख्य भूमीवर, तोही स्पेनमध्ये. कर्णधार अर्थातच सेव्ह.

गुणांवर दहा जागा, कर्णधाराच्या हातात दोन. सेव्हला हवे होते तिघे: निक फाल्डो, येस्पर पार्नेविक आणि होसे मारिया ओलाझाबाल. ओलाझाबाल म्हणजे सेव्हचा जिवाभावाचा जोडीदार. रायडर कपच्या इतिहासात या दोघांइतकी यशस्वी जोडी दुसरी नाही. पायाच्या दुखण्यानं ओलाझाबालचं १९९६चं अख्खं वर्ष वाया गेलं होतं, त्यातून तो नुकताच परतला होता. तो गुणांच्या यादीत अकरावा. दहावा होता मिगेल आंखेल मार्तिन. तोही स्पॅनिशच.

मार्तिनच्या मनगटावर ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली. स्पर्धा सप्टेंबरच्या अखेरीस. टूरनं सांगितलं, आधी अठरा होल, म्हणजे एक पूर्ण फेरी, खेळून दाखव, तंदुरुस्त आहेस हे सिद्ध कर. मार्तिन म्हणाला, स्पर्धेला अजून काही आठवडे आहेत, आत्ताच का? त्यानं नकार दिला, आणि टूरनं त्याचं नाव कापलं. जागा अकराव्याला मिळाली. ओलाझाबाल आत आला. फाल्डो आणि पार्नेविक कर्णधाराच्या कोट्यातून. तिघंही सेव्हला मिळाले.

मार्तिननं कोर्टाची भाषा केली. शेवटी तडजोड निघाली ती अजब. त्याला संघाचा गणवेश दिला आणि अधिकृत छायाचित्रात उभं केलं. बारा जणांच्या संघाच्या फोटोत तेरावा माणूस, जो एकही फटका मारणार नव्हता.

इथे सेव्हची बाजूही आहे. मनगट दुखत असलेला गोल्फर संघात असणं म्हणजे एक सामना आधीच देऊन टाकणं. युरोप जिंकला तोही १४.५ विरुद्ध १३.५ असा, म्हणजे एक गुण इकडचा तिकडे झाला असता तर निकाल उलटला असता. तरीही सोळा वर्षांपूर्वी टूरच्या कार्यालयात आपलं नाव कापलं गेलेलं पाहणाऱ्या माणसाला मार्तिनचं म्हणणं सगळ्यांत आधी कळायला हवं होतं, असं मला वाटतं.

[दृश्य: ब्रुकलाइन, मॅसॅच्युसेट्स.]

दोन वर्षांनी ब्रुकलाइन. युरोपचा कर्णधार मार्क जेम्स. होय, तोच. त्यानं तीन नवख्यांना पहिले दोन दिवस बसवून ठेवलं, आणि रविवारी मैदानात उतरवल्यावर तिघंही हरले. १०–६ अशी आघाडी हातात असताना युरोप हरला. पण जेम्सला भोवलं ते वेगळंच. संघात नसलेल्या फाल्डोनं शुभेच्छांचं पत्र पाठवलं होतं. ते आपण फेकून दिलं, असं जेम्सनं पुढे स्वतःच्याच पुस्तकात लिहिलं. त्यापायी पुढच्या संघाचं उपकर्णधारपद सोडावं लागलं.

पलीकडच्या, अमेरिकेच्या तंबूत पैशाचा वाद पेटला होता. टायगर वुड्स, डेव्हिड ड्युवाल, मार्क ओमेरा यांचा प्रश्न होता: आमच्या जिवावर एवढे पैसे गोळा होतात, ते जातात कुठे? कर्णधार बेन क्रेनशॉला हे बोलणं झोंबलं. देशासाठी खेळताना हिशेब कसले मागता, हा त्याचा सूर. अखेर प्रत्येक खेळाडूच्या नावे दोन लाख डॉलर समाजकार्याला द्यायचं ठरलं. १९८१मध्ये सेव्हनं विचारलेला सवालच अमेरिकन उच्चारात परत आला होता.

[दृश्य: के क्लब, आयर्लंड, २००६.]

२००६. युरोपचा कर्णधार इयन वूझनमनं दोन नावं लिहिली: डॅरेन क्लार्क आणि ली वेस्टवुड. क्लार्कच्या पत्नीचं त्याच ऑगस्टमध्ये कर्करोगानं निधन झालं होतं. तो आला आणि त्यानं तिन्ही सामने जिंकले. तक्रार वेस्टवुडबद्दल होती, आणि ती केली डेन्मार्कच्या थॉमस ब्यॉर्ननं. आपली जागा वेस्टवुडला दिली म्हणून त्यानं वूझनमवर पत्रकारांसमोर इतकी जळजळीत टीका केली, की त्याला दंड झाला आणि माफी मागावी लागली. वेस्टवुडनं पाचपैकी चार गुण मिळवले. वाद तिथेच मिटला.

बारा वर्षांनी, पॅरिसमध्ये, कर्णधार कोण? थॉमस ब्यॉर्न. त्यानं सर्जिओ गार्सियाचं नाव लिहिलं. त्या वर्षी गार्सिया चारही मेजर, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या, स्पर्धांत दुसऱ्या दिवसानंतर बाद झाला होता. आकडे बघून कुणी त्याला घेतलं नसतं. गार्सियानं तीन गुण आणले आणि रायडर कपच्या इतिहासात सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू झाला. ब्यॉर्ननं निवडलेल्या चौघांनी मिळून साडेनऊ गुण आणले. २००६मध्ये चिडलेला माणूस २०१८मध्ये वूझनमसारखाच वागला. आकड्यांपेक्षा माणसावर विसंबला.

[दृश्य: सेंट अल्बन्स, इंग्लंड.]

ज्याच्या नावानं हा चषक आहे तो सॅम्युएल रायडर सेंट अल्बन्सचा बियाण्यांचा व्यापारी. एका पेनीला एक पाकीट विकून श्रीमंत झालेला. त्याच गावापासून जवळच्याच सेंच्युरियन क्लबवर जून २०२२मध्ये सौदी पैशावर उभी राहिलेली लिव्ह गोल्फ मालिका सुरू झाली. सेव्हच्या मानधनाचा वाद आठवून हसू यावं, इतक्या मोठ्या रकमा.

स्वीडनचा हेन्रिक स्टेनसन मार्च २०२२मध्ये युरोपचा कर्णधार झाला होता. जुलैमध्ये तो लिव्हकडे गेला आणि कर्णधारपद गेलं. महिनाअखेरीस लिव्हमधली आपली पहिलीच स्पर्धा त्यानं जिंकली, चाळीस लाख डॉलर मिळवले, आणि आपण कर्णधारासारखे खेळलो, असं हसत हसत म्हणाला. दुसऱ्या दिवशी युरोपनं ल्यूक डोनाल्डचं नाव जाहीर केलं.

पुढच्या वर्षी लवादानं टूरच्या बाजूनं निकाल दिला. परवानगीशिवाय दुसरीकडे खेळणाऱ्यांना दंड करणं योग्यच, असा. मे २०२३मध्ये गार्सिया, वेस्टवुड आणि इयन पोल्टर यांनी सदस्यत्वाचे राजीनामे दिले. सदस्य नाही तर निवडही नाही. सर्वाधिक गुणांचा मानकरी असा एका कागदानं बाहेर गेला. स्पेनचा जॉन राम मात्र लिव्हमध्ये जाऊनही २०२५मध्ये खेळला, कारण त्यानं दंडाविरुद्ध अपील केलं आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्याची पात्रता टिकली. १९८१मध्ये सेव्हला एखादा चांगला वकील भेटला असता तर?

[दृश्य: रोम, २०२३. प्रेक्षक हवेत टोप्या हलवताहेत.]

रोममध्ये वाद टोपीवरून झाला. अमेरिकेचा पॅट्रिक कँटले टोपीविना खेळत होता. खेळायचे पैसे मिळत नाहीत म्हणून तो संघाची टोपी घालत नाही, अशी बातमी टीव्हीवर आली. कँटलेनं सांगितलं, टोपी डोक्याला बसत नाही, बस्स. प्रेक्षक दिवसभर त्याला टोप्या दाखवत राहिले. त्यानं शेवटच्या तिन्ही होलवर बर्डी मारून, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेऊन, सामना खिशात घातला. त्याचा कॅडी ग्रीनवर टोपी फिरवत राहिला, युरोपचा रॉरी मॅकिलरॉय चिडला, आणि भांडण थेट वाहनतळापर्यंत गेलं. टोपीचं खरं कारण काहीही असो, २०२५च्या स्पर्धेसाठी प्रत्येक अमेरिकन खेळाडूला पाच लाख डॉलर ठरले. तीन लाख समाजकार्याला, दोन लाख स्वतःला.

पण रोमला गेलेल्या अमेरिकन संघाची खरी गोष्ट जो गेला नाही त्याची आहे.

किगन ब्रॅडली. २०१२मध्ये मेडिनाला १०–६ अशी आघाडी असताना अमेरिका हरली, तेव्हापासून त्यानं त्या दौऱ्याची बॅग उघडलेली नाही. रायडर कप जिंकल्यावरच उघडायची, असा पण. २०१४मध्ये ग्लेनईगल्सला फिल मिकलसनच्या जोडीनं शुक्रवारी खेळला. शनिवारी कर्णधार टॉम वॉटसननं दोघांनाही दिवसभर बसवलं. हरल्यावर मिकलसननं वॉटसन समोर असताना पत्रकार परिषदेत त्याच्या पद्धतीचे वाभाडे काढले. त्यातून समिती बसली आणि कारभारात खेळाडूंचा शब्द चालू लागला. हे बरंच झालं. पण शब्द चालणाऱ्यांचं हळूहळू मित्रमंडळ बनतं. २०२३मध्ये ब्रॅडली गुणांत अकरावा होता. कर्णधार झॅक जॉन्सननं बाराव्या सॅम बर्न्सला आणि पंधराव्या जस्टिन थॉमसला घेतलं. नकाराचा तो फोन कॅमेऱ्यात टिपला गेला आणि जगानं पाहिला.

जुलै २०२४मध्ये ब्रॅडलीलाच कर्णधार केलं. वय ३८. एकदाही उपकर्णधार न झालेला. आणि पंचाईत अशी, की २०२५मध्ये तो उत्तम खेळू लागला. जूनमध्ये एक मोठी स्पर्धा जिंकला. गुणांत पुन्हा अकरावा. स्वतःचं नाव लिहायला कुणाची आडकाठी नव्हती. खेळाडू आणि कर्णधार अशा दोन्ही भूमिका शेवटच्या निभावल्या होत्या १९६३मध्ये, अरनॉल्ड पामरनं.

ऑगस्टमध्ये त्यानं सहा नावं वाचली. त्यात थॉमस होता. बर्न्स होता. कँटलेही होता. ब्रॅडली नव्हता.

[दृश्य: बेथपेज, न्यूयॉर्क.]

दोन दिवसांत युरोपनं ११.५–४.५ अशी मजल मारली. रविवारी सकाळी व्हिक्टर होव्हलँडची मान धरली आणि तो खेळू शकला नाही. अशा वेळेसाठी एक जुनी तरतूद आहे. सिंगल्सच्या, म्हणजे शेवटच्या दिवशीच्या एकास एक सामन्यांच्या, आधी प्रत्येक कर्णधार पाकिटात एक नाव ठेवतो. समोरच्याचा खेळाडू जायबंदी झाला, तर आपल्याकडचा हा बसेल. ब्रॅडलीच्या पाकिटातून हॅरिस इंग्लिशचं नाव निघालं. ठणठणीत इंग्लिश बाकावर बसला आणि दोन्ही संघांना अर्धा अर्धा गुण मिळाला. त्यानंतर अमेरिकेनं उरलेल्या अकरा सामन्यांतून आठ गुण खेचले, तरी युरोप १५–१३ असा जिंकला. हा पाकिटाचा नियम बदलायलाच हवा, असं ब्रॅडली त्याच संध्याकाळी म्हणाला.