ठोक्याआधीची खरखर

(पडद्यावर: हातात कॅस्टनेट्स, एकमेकांवर आपटून वाजवायच्या लाकडी वाट्या. एकच ठोका. मग तोच ठोका, दाबून लहान केलेल्या फाइलमधून.)

पुन्हा ऐका. पहिला ठोका स्वच्छ आहे: टक्. दुसऱ्यात ठोका पडायच्या आधीच काहीतरी फिस्कारतं. लाकडावर लाकूड आपटलेलंच नाही आणि खरखर मात्र येऊन पोचली!

ही खरखर येते कुठून? सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने, म्हणजे क्षणाक्षणाची मोजमापं, असतात, प्रत्येक 16 बिटांचा, डाव्या आणि उजव्या चॅनलसाठी वेगवेगळा. म्हणजे सेकंदाला चौदा लाखांहून जास्त बिट. 128 केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला 128 हजार बिट वापरणाऱ्या एमपी3 फाइलला त्यातला जेमतेम अकरावा हिस्सा मिळतो. एवढ्यात आकडे नेमके मांडता येत नाहीत, ठोकळमानाने मांडावे लागतात. त्यात राहिलेला फरक म्हणजेच ही खरखर.

ती पुसून टाकता येत नाही. कुठे ठेवायची, एवढंच आपल्या हातात असतं.

मोठा आवाज सुरू असला की त्याच्या जवळपासच्या कंपनसंख्येचे बारीक आवाज कानाला कळत नाहीत. म्युनिकचे ध्वनिशास्त्रज्ञ एबरहार्ट त्स्विकर यांनी कानाच्या या मर्यादा वर्षानुवर्षं मोजल्या. त्या मोजमापांवर पुढे सगळी इमारत उभी राहिली. 1990 च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत जेम्स जॉन्स्टन आणि जर्मनीहून आलेले कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी एक प्रयोग ऐकवला. गाण्यापेक्षा फक्त 13 डेसिबल खाली असलेली खरखर सरसकट पसरली, तर गाणं ऐकवत नाही. तेवढीच खरखर गाण्याच्या चढउतारांखाली नीट वाटून दिली, तर ती जवळजवळ कळतच नाही. खरखर तितकीच, जागा वेगळी. मला या सगळ्या शास्त्रातला हा सर्वांत सुंदर क्षण वाटतो.

(पडद्यावर: एमपी3 जिथे घडला ते जर्मनीतलं एरलांगेन शहर, जुनी छायाचित्रं.)

पण कान सहजासहजी फसत नाही. ब्रांडेनबुर्ग यांनी चाचणीसाठी गायिका सुझॅन व्हेगा यांचं ‘टॉम्स डायनर’ हे गाणं घेतलं. साथीला एकही वाद्य नाही, नुसता गळा. सुरुवातीला त्या आवाजाची पार दुर्दशा झाली. आवाज मधोमध, आणि खरखर मात्र डाव्या-उजव्या बाजूंना सुटी. बाजूने येणारी खरखर कान बरोबर वेगळी काढतो. उपाय असा, की दोन चॅनलची बेरीज आणि वजाबाकी साठवायची. मग खरखरही गळ्याच्याच जागी येते आणि त्याच्यामागे झाकली जाते.

कॅस्टनेट्सचं दुखणं निराळं. एमपी3 एका वेळी 1152 नमुन्यांचा, म्हणजे सुमारे 26 मिलिसेकंदांचा तुकडा उचलतो, आणि खरखर त्या अख्ख्या तुकड्यावर पसरते. ठोका तुकड्याच्या शेवटी असेल, तर त्याआधीच्या शांततेतही ती शिरते. ठोक्यानंतरची खरखर कान शंभरेक मिलिसेकंद खपवून घेतो. आधीची मात्र जेमतेम काही मिलिसेकंद. म्हणून ठोका येतोय असं दिसताच एन्कोडर, म्हणजे फाइल दाबून लहान करणारा प्रोग्रॅम, एका लांब तुकड्याऐवजी तीन छोटे तुकडे घेतो. खरखर ठोक्याला चिकटून राहते. पुढे एएसी या एमपी3 नंतरच्या पद्धतीसाठी युर्गन हेरे आणि जॉन्स्टन यांनी 1996 मध्ये आणखी एक युक्ती मांडली. तिच्यात खरखरच आवाजाच्या चढउताराबरोबर कमीजास्त होते.

हे घरीही ऐकता येतं. तबल्याच्या एकलवादनाची कमी बिटरेटची, म्हणजे जास्त दाबलेली फाइल हेडफोनवर लावा आणि ‘ना’ पडायच्या अगदी आधी काय होतं, तिकडे लक्ष द्या.

(पडद्यावर: टेपरेकॉर्डर, शेजारी लॅपटॉप.)

घरातल्या जुन्या मैफलींच्या कॅसेट डिजिटल करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. मूळ प्रत एमपी3 मध्ये ठेवू नका, आवाजातलं काहीच न गाळणाऱ्या वेव्ह किंवा फ्लॅक फाइलमध्ये ठेवा. झाकलेली खरखर फाइलमध्ये असतेच. उद्या कुणी टेपची सरसर काढायला बसलं किंवा ट्रेबल वाढवला, की तिच्यावरचं पांघरूण सरकतं. वाटायला एमपी3 खुशाल करा, पण ती त्या मूळ प्रतीवरून.