उलट्या काठ्या

नमस्कार मंडळी. घरात कुणी फौजेतून रिटायर झालेलं असेल, तर रेडिओचा आवाज जरा वाढवा.

औसा तालुक्यातली गोष्ट. आमच्या शेजारचे हवालदार काका गेले. घर लिंगायत, म्हणजे शेतातच माती द्यायची. पोरांनी बाजारातून तिरंगा आणून बसवलेल्या देहाभोवती गुंडाळला. चौकात फ्लेक्स लागला, ‘शहीद’! अहो, ८५व्या वर्षी झोपेत गेलेला माणूस शहीद कसा?

खड्ड्यापाशी गावचे म्हातारे सुभेदार पुढं झाले. “आरं, झेंडा मातीत घालायलास का?” झेंडा सोडवून, नीट घडी घालून त्यांनी थोरल्याच्या हातात दिला. १९७१च्या कायद्यानं तिरंगा पांघरायचा तो शासकीय, लष्करी नाहीतर निमलष्करी अंत्यविधीलाच. तिथंही केशरी पट्टा डोक्याकडं, आणि झेंडा मातीत नाही, चितेतही नाही. पुन्हा सांगतो, मातीत नाही, चितेतही नाही.

पोरं हिरमुसली. मग सुभेदारांनी गावातले सहा माजी सैनिक रांगेत उभे केले. बिगुल नाही, बंदुका नाहीत. होत्या त्या काठ्या. सुभेदार ओरडले, “शोक शस्त्र!” म्हणजे शोकात बंदूक उलटी धरायचा फौजेतला हुकूम. आणि सहाही काठ्या उलट्या झाल्या, मूठ खाली, टोक वर. एकाला काठीशिवाय उभं राहता येईना, त्यानं शेजाऱ्याचा खांदा धरला. पण काठी उलटीच ठेवली. विभूती लावणारे स्वामीसुद्धा दोन मिनिटं थांबले.

वेळ संपत आली. तर, निवृत्त जवानाला मानवंदना आपोआप मिळत नाही. माणूस गेला की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला कळवा. आधी कळवा, मग बाकीचं. पत्नीला फॅमिली पेन्शन मिळतं, साध्या दरानं शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. त्यासाठी डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, आणि मृत्यूचा दाखला एका पिशवीत ठेवा. आणि रेकॉर्डातलं पत्नीचं नाव आजच बघा. आजच.

कारण आमच्या काकूंचं फौजेच्या रेकॉर्डात माहेरचं नाव होतं आणि आधारवर लग्नातलं. ते एक करायला सुभेदारांनी लातूरला पाच खेपा घातल्या. एसटीनं, तीच काठी टेकत.