व्हिडिओ अडकतोय? राउटर बंद करायच्या आधी ही पट्टी बघा

नमस्कार मंडळी! यूट्यूबवर व्हिडिओ अडकला की आपला हात आधी कुठे जातो, तर राउटरच्या बटणावर. थांबा जरा. अडकल्या अडकल्या खालच्या पट्टीकडे बघा, लाल रेघेच्या पुढे एक फिकट पट्टी सरकत असते ना, तेवढा व्हिडिओ आधीच उतरलेला असतो. ती लाल रेघेला चिकटूनच असेल तर नेट कमी पडतंय, क्वालिटी ४८०पी करा, झालं काम. पण ती बरीच पुढे गेलीये आणि तरी चित्र झटके देतंय, तर नेटला उगाच दोष देऊ नका, तुमचं मशीन दमतंय.

का दमतं? तर व्हिडिओ आकसून पाठवलेला असतो आणि तो उलगडावा लागतो. यूट्यूब हल्ली बरेच व्हिडिओ एव्ही१ नावाच्या कोडेकमध्ये, म्हणजे आकसायच्या-उलगडायच्या पद्धतीत, देतं, हा आला २०१८ मध्ये, आणि तो उलगडणारं हार्डवेअर लॅपटॉपमध्ये यायला लागलं २०२० पासून, म्हणजे त्याआधीचा लॅपटॉप असेल तर सगळा भार प्रोसेसरवर, म्हणून तो फॅन एवढा घोंघावतो. खात्री करायची तर व्हिडिओवर राइट क्लिक करा, स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडा. तिथे ड्रॉप्ड फ्रेम्सचा, म्हणजे दाखवायच्या राहून गेलेल्या चित्रांचा, आकडा भराभर वाढत असेल तर चोर सापडला. सेकंदाला ६० फ्रेम्सवालं १०८०पी सोडा, ७२०पी घ्या, खूप फरक पडतो.

आवाज येतोय पण स्क्रीन काळी किंवा हिरवी? हे बहुतेक वेळा ग्राफिक्स ड्रायव्हरचं, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, दुखणं असतं. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, तिथलं ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करा आणि ब्राउझर रीलाँच करा. चित्र आलं? छान, पण आता ड्रायव्हर अपडेट करा आणि ते परत चालू करा, हे प्लीज विसरू नका, कारण बंदच राहिलं तर पुन्हा सगळं ओझं प्रोसेसरवर आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही म्हणणार लॅपटॉप स्लो झाला.

व्हिडिओ सुरूच होत नाहीये? इनकॉग्निटोमध्ये उघडून बघा, तिथे एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर, आपण मुद्दाम चालू केली नसतील तर आपोआप बंद असतात. तिकडे चालला तर बहुतेक एखादं एक्स्टेन्शनच आडवं येतंय, एकेक करून बंद करत जा, सापडेल. मी ॲड ब्लॉकरपासून सुरुवात करतो.

चला, आत्ता हाच व्हिडिओ चालू असताना स्टॅट्स उघडा आणि कोडेकच्या ओळीत काय दिसतंय ते खाली कमेंटमध्ये लिहा.