४१०एफडी०३४: बूट होताना कर्नल प्रोसेसर कसा ओळखतो?

नमस्कार. रास्पबेरी पाय ३ या छोट्या, एका बोर्डाच्या संगणकावर ६४ बिटचं लिनक्स सुरू करा आणि बूटचा लॉग उघडा. अगदी वरच्या ओळींमध्ये एक हेक्स, म्हणजे सोळाच्या पायातला, आकडा दिसेल: ४१०एफडी०३४. बहुतेक जण त्यावरून नजर फिरवून खाली जातात. आज आपण तिथेच थांबणार आहोत.

हा आकडा कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, कुठल्या फाइलमधून घेतलेला नाही. त्याने तो थेट कोअरला, म्हणजे प्रोसेसरमधल्या सूचना चालवणाऱ्या भागाला, विचारलाय. कोअरमध्ये मेन आयडी रजिस्टर असतं, म्हणजे कोअरची ओळख ठेवणारी छोटी जागा, ३२ बिटची, फक्त वाचता येणारी. पहिले दोन अंक, ४१, सांगतात की डिझाइन कुणाचं. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की तक्त्यात हेक्स ४१ वर कुठलं अक्षर आहे? ए. हे डिझाइन करणाऱ्या एआरएम कंपनीच्या नावातला ए! मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. पुढचं शून्य म्हणजे व्हेरियंट, डिझाइनची मोठी आवृत्ती; एफ म्हणजे आर्किटेक्चरचे तपशील दुसऱ्या रजिस्टरांमध्ये बघा. डी०३ हा पार्ट नंबर, म्हणजे कॉर्टेक्स-ए५३. पाय ४ वर इथे डी०८ येतं, कॉर्टेक्स-ए७२.

आणि शेवटचा ४? ते रिव्हिजन, म्हणजे छोटी सुधारित आवृत्ती, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा अंक हाच. ए५३ च्या सुरुवातीच्या रिव्हिजनांमध्ये ८४३४१९ क्रमांकाचा हार्डवेअर दोष आहे. मेमरीच्या ४ केबी पानाच्या अगदी शेवटी एडीआरपी ही पत्ता काढणारी सूचना आली आणि तिच्यामागून ठरावीक सूचना आल्या, तर चुकीचा पत्ता निघू शकतो. म्हणून मॉड्यूल, म्हणजे कर्नलला नंतर जोडले जाणारे तुकडे, लोड करताना कर्नल अशा जागा शोधून सूचना बदलतो. रिव्हिजन ४ च्या काही चिप्समध्ये हा दोष दुरुस्त झालाय, त्यामुळे तिथे कर्नल आणखी एक रजिस्टर वाचून खात्री करतो.

पण बोर्ड कुठला, हे कोअरला माहीतच नसतं. तोच ए५३ कितीतरी कंपन्यांच्या चिप्समध्ये बसलाय. सिरियल पोर्ट कुठल्या पत्त्यावर, क्लॉक कुठलं, हे बाहेरून सांगावं लागतं. पूर्वी ३२ बिट एआरएमवर बूटलोडर, म्हणजे कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम, आर१ रजिस्टरमध्ये बोर्डाचा क्रमांक ठेवायचा, आणि प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्ये वेगळा कोड असायचा. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉर्वाल्ड्स या पसाऱ्यावर उघडपणे वैतागले. त्यानंतर एआरएम झपाट्याने डिव्हाइस ट्रीकडे, म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरच्या वेगळ्या वर्णनाकडे, वळलं. त्यात 'कम्पॅटिबल' नावाची यादी असते: आधी बोर्ड, मग चिप.

बोर्डाच्या नावावरून कोअर ओळखायला मात्र जाऊ नका. पाय २ मॉडेल बी घ्या. सुरुवातीला त्यात कॉर्टेक्स-ए७ होता, १.२ आवृत्तीत ए५३ आला. नाव तेच राहिलं. आरके३३९९ मध्ये तर एकाच चिपवर दोन ए७२ आणि चार ए५३ आहेत, म्हणून कर्नल प्रत्येक कोअरला वेगळं विचारतो. तुमच्याकडे असा बोर्ड असेल तर सीपीयूइन्फो ही प्रोसेसरची माहिती देणारी फाइल उघडा आणि पार्ट नंबरच्या सहाही ओळी बघा.