आतली बाजू : 1840 च्या दशकातले इंग्लिश पोशाख

पोशाख उलटा करून टेबलावर अंथरला आहे. बाहेरचं रेशीम आत गेलंय. वर आलंय अस्तर, शिवणी, दोऱ्यांच्या गाठी. इथूनच सुरुवात करूया, कारण समोरून हे पोशाख सगळ्यांनी पाहिलेले असतात.

इंग्लंड. 1837 च्या जूनमध्ये अठरा वर्षांची व्हिक्टोरिया गादीवर आली, त्याच्या थोडं आधी बायकांच्या फुग्यासारख्या बाह्या एकदम बसल्या होत्या. नवी बाही हाताला चिकटून, आणि खांद्याची शिवण थेट दंडावर उतरलेली. पोशाख चढवलेल्या पुतळ्याचा हात वर करताना बघा, कापड कुठे ताणतंय. ही बाही घालून वरच्या फळीवरचा डबाही काढता आला नसता.

शिवणयंत्राचा वापर रुळायला अजून दहा-पंधरा वर्षं आहेत. म्हणजे इथे दिसणारा प्रत्येक टाका हाताचा आहे.

काखेच्या शिवणीतली ही बारीक गोल किनार. एक दोरा, त्याभोवती रेशमाची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी, आणि ती पट्टी दोन कापडांच्या मध्ये धरून मारलेली उलटी टीप. ताण येईल तिथे शिवण उसवू नये म्हणून ही योजना. खांदा, काख, कंबर, सगळीकडे ती आहे, आणि रुंदी कुठेही बदललेली नाही.

आता कंबर. हे काम आम्ही मुद्दाम नव्या कापडावर करून घेतलं, म्हणजे सुई कशी चालते ते दिसेल. आधी धावदोऱ्याची एक ओळ. तिच्या खाली दुसरी, टाक्याखाली टाका नेमका. मग तिसरी. आता तिन्ही दोरे एकदम ओढायचे. कित्येक पन्ने जोडून केलेला घेर वीतभर जागेत गोळा होतो आणि चुण्या पुस्तकाच्या पानांसारख्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. प्रत्येक चुणीचं टोक कंबरेला वेगळ्या टाक्याने पकडायचं. एक चुणी, एक टाका. कंबरेखाली कापड लगेच बाहेर झेपावतं, ते या टाक्यांमुळे. आत परकरांचे थर असत, त्यातला एक घोड्याच्या केसांचा. फ्रेंच भाषेत या केसाला ‘क्रिन’ म्हणतात, अशा परकराचं ‘क्रिनोलिन’ हे नाव तिथून आलं. त्याच नावाचा, घागरा फुगवणारा पोलादी कड्यांचा पिंजरा 1856 चा, म्हणजे नंतरचा.

संध्याकाळचा पोशाख. खांदे उघडे, बाही आखूड, गळ्याभोवती ‘बर्था’ नावाची लेसची रुंद झालर. चोळीचं टोक पुढे कंबरेखाली उतरतं, आणि ते टोक ताठ ठेवतात देवमाशाच्या जबड्यातून काढलेल्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीला अस्तरावर शिवलेला वेगळा खण. चोळी बंद करायचे हूक पाठीवर, त्यामुळे घालायला दुसरं माणूस हवंच.

लेसजवळ जरा थांबूया. 10 फेब्रुवारी 1840 ला राणीचं लग्न झालं. लंडनमधल्या रेशीम विणकरांच्या स्पिटलफील्ड्स वस्तीतलं पांढरं साटिन, वर हॉनिटन लेस. ती लेस इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या बीअर या समुद्रकाठच्या गावात आणि आसपास दोनशेहून अधिक जणींनी मिळून केली. उशी, टाचण्या, लाकडी फिरक्या. एकेक फूल सुटं विणायचं आणि मग जाळीवर शिवायचं. जाळी यंत्राची, फुलं हाताची.

फिरायला जायचा पोशाख अंगभर. गळा बंद, बाही मनगटापर्यंत. पुष्कळदा घागरा एकच आणि चोळ्या दोन, एक दिवसाची, एक रात्रीची. डोक्यावर बॉनेट, हनुवटीखाली फितीने बांधायची टोपी. त्याची कड चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी इतकी पुढे येते की शेजारून कोण चाललंय हे मान वळवल्याशिवाय कळत नाही. घोळ रस्त्याला टेकतो, म्हणून त्याच्या कडेला लोकरीची फीत शिवलेली. साडीला फॉल लावतात, त्याच कारणासाठी. झिजली की नवी लावायची.

अंगावर शाल, आणि शालीवर कोयरी. आपल्या साड्यांच्या काठापदरात असते तीच. काश्मिरात ती ‘कानी’ नावाच्या छोट्या लाकडी काड्यांवर रंगीत दोरे गुंडाळून विणली जायची. 1846 च्या अमृतसरच्या तहात जम्मूच्या गुलाबसिंगांनी इंग्रजांना दरवर्षी द्यायच्या खंडणीत शालींच्या तीन जोड्या लिहिलेल्या आहेत. स्कॉटलंडच्या पेझली गावात तोच नमुना जॅकार्ड मागावर, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणाऱ्या मागावर, स्वस्तात निघू लागला, आणि इंग्रजीत कोयरीला त्या गावाचं नाव चिकटलं. आम्ही तिला कोयरीच म्हणणार.

1843 च्या सरकारी चौकशी अहवालात नोंद आहे की लंडनमधल्या मेजवान्या-नाचांच्या हंगामात पोशाख शिवणाऱ्या मुली दिवसाला अठरा तासांपर्यंतही बसत, आणि डोळे, छाती, पाठ यांची दुखणी त्यांच्यात सर्रास होती.

पुन्हा टेबलाकडे. काखेत कच्चा दोरा राहून गेलाय, काढायचा विसरलेला. आणि इथे, बाजूच्या शिवणीलगत, सुईच्या भोकांची एक रांग. पहिली शिवण इथे होती. कुणीतरी ती उसवली, दोन बोटं कापड सोडलं आणि नवी घातली. नव्या शिवणीतले टाके जरा मोठे आहेत. हात दुसरा होता.