बारा व्होल्टवर नांगर

(दृश्य: शिवण्यातली पत्र्याची शेड. ट्रेलरवर सात मीटरची फायबरची बोट. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, कागदी साचा चिकटवलेला.)

पुण्यात ट्रेलरवर राहणारी बोट ताम्हिणी उतरून दिघीला, मुरुडला, श्रीवर्धनला जाते, तेव्हा नांगर टाकणं सोपं असतं. तो वर घेताना कंबर बोलते. या बोटीच्या नाळेवर आज इलेक्ट्रिक विंडलस, म्हणजे नांगर वर ओढणारं यंत्र, बसतोय. यंत्र तसं साधं आहे: एक मोटार, एक गिअरबॉक्स आणि साखळी पकडणारं खाचांचं चाक, म्हणजे जिप्सी. बसवल्यावर वर्षभरात बिघडलेले विंडलस उघडून पाहिले, तर मोटार बहुतेक वेळा ठणठणीत निघते. गेलेलं असतं ते तिच्याखालचं डेक किंवा तिच्यामागची वायर. म्हणून या फिल्मचा जास्त वेळ त्या दोन गोष्टींवर जाईल.

आधी हिशोब. रायगडच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाच मीटर पाणी असलेली जागा धरा. उधाणाची भरती त्यावर सुमारे ४ मीटर चढते. नाळेची पाण्यापासूनची उंची १ मीटर. झाले १० मीटर. त्याच्या पाचपट लांबी सोडायची, म्हणजे ५० मीटर: २० मीटर साखळी आणि पुढे ३० मीटर नायलॉनचा दोर. ८ मिलिमीटरची साखळी मीटरला जवळपास १.४ किलो भरते, म्हणून २८ किलो. नांगर १० किलो, दोर ४ किलो. एकूण ४२.

विंडलसची कमाल ओढ या वजनाच्या निदान तिप्पट हवी, म्हणजे १२६ किलोच्या वर. वारा, प्रवाह, साखळी ज्यावरून जाते त्या बो रोलरवरचं घर्षण हे सगळं त्या तिपटीत येतं. बाजारात ३०० किलो ओढीचे, ५०० ते ७०० वॅटचे छोटे विंडलस मिळतात. या बोटीला तेवढा पुरतो. याहून मोठा घेतला तर वायर जाड, बॅटरी मोठी आणि नाळ आणखी जड.

साखळी आणि जिप्सी मात्र जोडीनंच घ्यायची. ‘८ एमएम’ हा कडीच्या सळईचा व्यास झाला. जिप्सीला फरक पडतो तो कडीच्या आतल्या लांबीनं, म्हणजे पिचनं. ८ मिलिमीटरच्या प्रमाणित साखळीचं पिच २४ मिलिमीटर असतं. हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळणाऱ्या साखळीच्या कड्या लांब असतात. ती जिप्सीवर दोन फेरे बसते, तिसऱ्याला उडी मारते. दुकानात जिप्सी सोबत न्या आणि साखळी हातानं फिरवून बघा.

(दृश्य: आडवा आणि उभा, दोन्ही विंडलस टेबलावर शेजारी शेजारी.)

उभ्या विंडलसची मोटार डेकच्या खाली लटकते. वर फक्त जिप्सी दिसते आणि साखळी तिला अर्धा वळसा घालते, त्यामुळे पकड चांगली. आडव्याचं सगळं अंग डेकवर असतं, साखळीचा वळसा पाव, पण खाली जागा फार लागत नाही. निवड दिसण्यावर करू नका, साखळी साठते त्या चेन लॉकरच्या खोलीवर करा. सगळी साखळी आणि दोर हातानं लॉकरमध्ये टाका. ढिगाच्या माथ्यापासून डेकपर्यंत निदान ३०० मिलिमीटर मोकळे राहायला हवेत. साखळी स्वतःच्या वजनानं खाली पडते, तिला ओढून घेणारं आत कुणी नसतं. अंतर कमी पडलं की ढीग सुळक्यासारखा वाढून, साखळी डेकमधून आत उतरते त्या चेन पाइपला टेकतो आणि जिप्सीच्या तोंडाशी साखळी गुंतते. या बोटीत आडवा बसतोय तो याच कारणानं. उभ्याची मोटार लॉकरमध्ये उतरली असती तर ही उंची उरली नसती.

आता साचा. बो रोलरच्या मध्यापासून जिप्सीच्या खाचेपर्यंत दोरी ताणायची. वरून पाहताना ती सरळ हवी आणि बाजूनं पाहताना जवळपास समतल. साखळी डेकला घासत असेल तर विंडलसखाली सागाचा पॅड घालून उंची मिळवायची. सागात तेल असतं, म्हणून इपॉक्सी (हार्डनर घालून कडक होणारा गोंद) लावायच्या आधी ॲसिटोननं पुसून घ्या. नाहीतर पॅड सुटतो. आणि खरा नांगर रोलरवर ठेवून बघा. त्याची दांडी आणि शॅकल (नांगर साखळीला जोडणारी कडी) जिप्सीच्या बरंच अलीकडे थांबायला हवेत. शॅकल जिप्सीत शिरलं तर काहीतरी मोडतंच, आणि बहुधा ते महागडंच असतं.

(दृश्य: होल सॉ. फायबरची पांढरी धूळ. कापलेल्या चकतीत मधला बाल्सा लाकडाचा थर.)

मास्क लावा, ही धूळ काचेची आहे. कापलेली चकती फेकू नका, नीट पाहा. वर फायबर, खाली फायबर आणि मधे बाल्सा किंवा फोम. या मधल्या थरात पाणी गेलं की दोन-तीन पावसाळ्यांत तो कुजतो, डेक पायाखाली दबतं, बोल्ट सैल होतात आणि विंडलस डुलायला लागतो. म्हणून बोल्टला ८ मिलिमीटरचं भोक हवं असलं तरी पाडायचं १६चं. तळाला टेप लावून त्यात सिलिका घालून घट्ट केलेली इपॉक्सी भरायची, आणि ती पूर्ण कडक झाल्यावर मधोमध ८.५ मिलिमीटरचं भोक. चेन पाइपच्या मोठ्या भोकात कडेचा मधला थर १५ ते २० मिलिमीटर आतपर्यंत खरवडून तिथेही इपॉक्सी. आता बोल्ट जाईल तो भरीव गोट्यातून. लाकडाला पाणी दिसणारही नाही.

पुण्यात इपॉक्सीचं काम हिवाळ्यात सगळ्यात चांगलं होतं. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली पारा चाळिशीला टेकतो, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की इपॉक्सी हाताळायचा वेळ साधारण निम्मा होतो. एकदम अर्धा किलो कालवली तर डबा हातात धुमसतो. उन्हाळ्यात १०० ग्रॅमच्या वर कालवू नका, कालवलेली लगेच पसरट ताटलीत ओता आणि हार्डनर सावकाश वाळणारा घ्या. पावसाळ्यात अडचण उलटी. हवेतल्या ओलीनं वाळलेल्या थरावर मेणचट साय येते. ती साबणाच्या पाण्यानं घासून काढल्याशिवाय पुढचा थर चिकटत नाही. मधला थर आधीच भिजलेला असेल तर पावसाळ्यात तो वाळवायचा हट्ट सोडा.

डेकच्या खालून, बोल्टचा भार पसरवणारी बॅकिंग प्लेट. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये आयएस ७१० छाप असलेला मरीन प्लाय मिळतो. १८ मिलिमीटरचा घ्या. विंडलसच्या तळाच्या निदान दुप्पट क्षेत्रफळाचा कापा, कडा गोल करा आणि सगळ्या बाजूंना, भोकांच्या आतून सुद्धा, इपॉक्सीचे तीन हात द्या. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे, मोठे वॉशर, नायलॉक नट. विंडलसचं अंग बहुधा ॲल्युमिनियमचं असतं. खाऱ्या पाण्यात स्टेनलेसच्या शेजारी ॲल्युमिनियम झिजतं, बोल्टभोवती पांढरी भुकटी येते आणि पुढे बोल्ट निघतच नाही. धाग्यांना क्रोमेट पेस्ट किंवा टेफ्लॉनयुक्त ग्रीस लावा. तळाला पॉलिसल्फाइड सीलंट. कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेन इथे नको, कारण हे यंत्र कधीतरी काढावं लागणार आहे.

(दृश्य: तीन वायरींचे तुकडे: १०, १६ आणि २५ स्क्वेअर एमएम.)

आता तांबं. ७०० वॅटची मोटार १२ व्होल्टवर भाराखाली ६० ते ८० अँपिअर ओढते. बॅटरी मागे, विंडलस पुढे. काठाकाठानं जाणारी वायर ८ मीटर, पण करंटला परतही यायचं असतं, म्हणून हिशोबात १६ मीटर. ८० अँपिअरला १० स्क्वेअर एमएमच्या वायरीत २.२ व्होल्ट वाटेतच जिरतात आणि सुमारे १८० वॅटची उष्णता वायरीत तयार होते. १६च्या वायरीत १.४ व्होल्ट, २५च्या वायरीत ०.९, ३५च्या वायरीत ०.६४. विंडलससाठी १० टक्के, म्हणजे १.२ व्होल्टपर्यंतची घट चालते. तेव्हा २५ ही कमीत कमी. ३५ घेतली तर पुढे चार सांधे थोडे गंजले तरी निभावतं.

बारीक वायरीनं मोटार हळू फिरते एवढंच होत नाही. भाराखाली ती अडते, अडलेली मोटार जास्त करंट ओढते, आणि कंट्रोल बॉक्समधल्या, मोटारीचा करंट चालू-बंद करणाऱ्या सॉलेनॉइडचे संपर्क तापून चिकटतात. मग फूट स्विचवरून पाय काढला तरी विंडलस चालूच. अशा वेळी तो थांबवणारा ब्रेकर हाताशी असावा लागतो.

त्या ब्रेकरविषयी. पुण्याच्या तपकीर गल्लीत घरगुती एमसीबी स्वस्तात मिळतो, तो इथे लावू नका. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून त्यातली ठिणगी विझते. डीसीत तसं होत नाही; संपर्क उघडले तरी ठिणगी जळत राहू शकते. डीसीसाठीच बनवलेला थर्मल ब्रेकर, विंडलसच्या माहितीपत्रकात दिलेल्या रेटिंगचा, बॅटरीच्या जितका जवळ बसवता येईल तितका जवळ, पण हात पोचेल असा.

वेल्डिंग केबल लवचीक असते, स्वस्त असते, आणि मोह होतो. तिच्या तांब्यावर मुलामा नसतो. खाऱ्या हवेत ते लगच्या, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबलेल्या जोडणीच्या, आत हिरवं पडतं. कथिलाचा मुलामा दिलेली वायर घ्या. लग हायड्रॉलिक क्रिम्परनंच दाबा, हातोडीनं ठोकून नको. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी. निगेटिव्ह वायर थेट बॅटरीला न्या, रेलिंगला किंवा बोटीच्या कुठल्याही धातूला नाही. दर ४५ सेंटिमीटरवर क्लॅम्प. कंट्रोल बॉक्स चेन लॉकरच्या बाहेर, कोरड्या जागी. फूट स्विचच्या बारीक वायरींना १.५ स्क्वेअर एमएम आणि ५ अँपिअरचा वेगळा फ्यूज पुरतो. स्विच असे लावा की दाबणारा माणूस साखळीच्या बाजूला उभा राहील, साखळीवर तंगड्या फाकून नाही.

बॅटरी मोठी लागेल ही भीती मात्र फुकाची. ५० मीटर वर घ्यायला अडीच-तीन मिनिटं लागतात. ८० अँपिअरनं तेवढ्यात खर्च होतात चार अँपिअर-तास. इंजिन चालू ठेवून नांगर उचलायचा, म्हणजे मोटारीला व्होल्टेजही पुरेसं मिळतं.

(दृश्य: ट्रेलर गाडीला जोडलेला, चाकांना ओंडके. रोलरवरून खाली आलेल्या साखळीला ताडपत्रीच्या झोळीत ५० किलोची सिमेंटची गोणी.)

पहिली चाचणी शेडमध्येच. आधी भाराशिवाय दिशा बघा. दोन टोकांच्या मोटारीत ती उलटी असेल तर मोटारीच्या दोन वायरी अदलाबदल करा. मग ही गोणी जमिनीवरून उचला, खाली कुणी उभं न राहता. एक जण बॅटरीवर व्होल्ट मोजेल, दुसरा मोटारीच्या टोकांवर. करंटसाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर हवा. स्वस्तातले बरेच मीटर फक्त एसी मोजतात. समजा करंट ४० अँपिअर आला, तर २५च्या वायरीत फरक साधारण ०.४५ व्होल्ट दिसायला हवा. एक व्होल्ट दिसला तर कुठेतरी सांधा कच्चा आहे. ब्रेकर बंद करून सगळ्या लगना हात लावा. गरम लागेल तो पुन्हा दाबायचा.

घाट उतरण्याआधी नांगर दोरीनं रोलरला आवळून बांधा आणि ब्रेकर बंद ठेवा. रस्त्याच्या हादऱ्यांत, जिप्सीला मोटारीशी जोडणाऱ्या क्लचवर विसंबू नका.

(दृश्य: खाडी. नाळेवरून खाली जाणारी साखळी, चेन स्टॉपर बसताना जवळून.)

पाण्यात एक नियम मोडायचा नाही: नांगरावर बोट उभी असताना तिचा ओढा विंडलसवर नको. साखळी अडवून धरणारा चेन स्टॉपर लावा किंवा नायलॉनचा स्नबर, म्हणजे झटके झेलणारा दोर, डेकवरच्या क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) बांधा, मग साखळीला ढील द्या. लाटेचा एक झटका गिअरबॉक्सचे दात घालवतो. उचलताना इंजिननं हळूहळू नांगराकडे जा. सैल पडलेली साखळी गोळा करणं एवढंच विंडलसचं काम. खाडीच्या चिखलात रात्रभर रुतलेला नांगर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट जोर मागतो. साखळी उभी ताठ झाली की स्टॉपर लावा आणि बोटीच्या हालचालीनं नांगर सुटू द्या. नंतरच बटण दाबा. ओढणी, मोकळे केस, हातमोज्याची सैल बोटं जिप्सीपासून लांब.

दोराचं शेवटचं टोक लॉकरमधल्या मजबूत कडीला बारीक दोरीनं बांधा. ती दोरी डेकपर्यंत येईल एवढी लांब ठेवा. कधी सगळं सोडून निघावं लागलं तर ती सुरीनं कापता येते. साखळी आणि दोराचा सांधा विणलेलाच हवा, मधलं शॅकल जिप्सीतून जात नाही.

प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्यानं धुवा. पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा तपासा, कारण प्लाय थोडा दबतो. वर्षातून एकदा जिप्सी काढून क्लचचे शंकूसारखे भाग पुसा आणि ग्रीसचा पातळ हात द्या. थर जाड झाला तर क्लच घसरतो आणि साखळी आपोआप सुटते.

बटण दाबून काहीच आवाज आला नाही, तर ब्रेकर, लहान फ्यूज आणि फूट स्विच बघा. ‘टक’ आवाज येतो पण मोटार फिरत नाही, तर व्होल्टेज, लग आणि सॉलेनॉइडचे संपर्क. मोटार फिरते पण जिप्सी नाही, तर क्लच सैल आहे. हँडल घालून आवळा. साखळी जिप्सीवर उड्या मारते, तर आधी तिचा पीळ काढा, मग पिच मोजा.