हातातला फातर आणि आकाशातली वेस्टा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून चोर्ला घाट चढू लागलं की रस्त्याच्या कडेला काळाकभिन्न कातळ दिसतो. हा त्याचाच एक तुकडा. आमच्याकडे याला नुसतं फातर म्हणतात, पुस्तकात बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून तो तयार झाला. ताज्या तुटलेल्या बाजूवर भिंग धरा, बारीक बारीक स्फटिक लुकलुकतात.

आता मान वर करा. दुर्बिणीत दिसणारा हा फिकट ठिपका म्हणजे वेस्टा. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला लघुग्रह. तिच्याही अंगावर बेसाल्टच आहे, पण तो साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी थिजलेला!

२९ मार्च १८०७ रोजी जर्मनीतल्या ब्रेमेन शहरातून हाइनरिश ओल्बर्स यांनी ती शोधली. तुम्हालाही ओळखता येईल. आजूबाजूचे तारे वहीत काढून ठेवा आणि तीन-चार रात्रींनी पुन्हा बघा. जो ठिपका सरकला, ती वेस्टा. सूर्याभोवतीच्या एका फेरीला तिला ३.६३ वर्षं लागतात. स्वतःभोवती मात्र भराभर फिरते: रात्री आठला गच्चीवर बसलात, तर दीड वाजायच्या आत तिची एक गिरकी पूर्ण.

त्याच पट्ट्यातला सेरेस तिच्याहून मोठा, तरी उजळ दिसते ती वेस्टाच. पडलेल्या उजेडापैकी ४० टक्क्यांहून अधिक ती परत फेकते. आपला चंद्र जेमतेम १२ टक्के.

घाटातल्या कातळाला पावसानं झिजवलं. सड्यावरचा, म्हणजे उघड्या पठारावरचा, तांबडा जांभा दगडसुद्धा युगानुयुगांच्या पावसानंच घडवलेला. वेस्टावर पाऊस नाही, तिनं सोसले ते अवकाशातल्या दगडांचे आघात. २०११ ते २०१२ या काळात नासाचं 'डॉन' यान तिच्याभोवती फिरलं, तेव्हा दक्षिण ध्रुवावरचं रियासिल्व्हिया विवर जवळून दिसलं. रुंदी सुमारे ५०० किलोमीटर. अख्खी वेस्टाच सरासरी ५२५ किलोमीटरची! आपला गोवा उत्तर-दक्षिण १०५ किलोमीटर, म्हणजे त्या खड्ड्यात असे चार गोवे ओळीनं मावतील.

अशा आघातांत उडालेले तिचे तुकडे अजूनही पृथ्वीवर येतात. १९९४ मध्ये राजस्थानात लोहावटला पडलेला अशनी त्याच कुळातला मानतात. त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की पायरॉक्सीन आणि प्लॅजिओक्लेज दिसतात. चोर्ल्याच्या या फातरातही मुख्य खनिजं हीच.